ऋणमुक्तीचे सुख आणि कौन्सिल टॅक्सची थकबाकी
(अभ्यासवर्गासाठी पाठ)



धम्म विहारात वंदनेपुरता आणि घरात फोटोपुरता राहिला, तर तो धम्म आपल्या जीवनात उतरला असे म्हणता येणार नाही. गृहस्थाने पैसा कसा मिळवावा, कसा राखावा आणि कसा खर्च करावा, याचाही विचार तथागतांनी केला आहे. आपल्या समाजातील अनेक कुटुंबे आज इंग्लंडमध्ये मर्यादित उत्पन्नावर संसार करीत आहेत. घरभाडे, वीज, मुलांची शाळा, गावाकडे पाठवायचे पैसे या सर्वांत कौन्सिल टॅक्सचा हप्ता मागे पडतो आणि मग त्याविषयी घरात कोणी बोलत नाही. या पाठात आपण त्याविषयी बोलणार आहोत. येथे दिलेली कायद्याची माहिती इंग्लंडपुरती आहे. वेल्समधील नियम काही बाबतीत वेगळे आहेत, स्कॉटलंडचा कायदा स्वतंत्र आहे आणि उत्तर आयर्लंडमध्ये कौन्सिल टॅक्स नाही.

१. तथागतांची शिकवण

श्रावस्तीचा श्रेष्ठी अनाथपिंडिक याला तथागतांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली. पहिले, न्यायाने मिळवलेली संपत्ती जवळ असण्याचे सुख. दुसरे, तिचा योग्य उपभोग घेण्याचे आणि दान करण्याचे सुख. तिसरे, कोणाचेही थोडे वा फार देणे नसण्याचे सुख. चौथे, निर्दोष आचरणाचे सुख. अंगुत्तर निकायातील आनण्य सुत्तात हा उपदेश आहे. ऋणमुक्तीला तथागतांनी संपत्तीच्या बरोबरीने सुखात गणले, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

त्याच निकायात इण सुत्त आहे. 'इण' म्हणजे ऋण. गृहस्थाच्या दुःखाची एक साखळी तथागत तेथे मांडतात. दारिद्र्यामुळे माणूस कर्ज काढतो. कर्जावर व्याज चढते. व्याज थकले की मागणीचा तगादा लागतो. तगाद्यालाही दाद दिली नाही की माणसाचा पाठलाग होतो. शेवटी तो बंधनात पडतो. पुढे तथागत हीच साखळी शीलाला लावून दाखवतात. काया, वाचा आणि मनाने केलेले दुराचरण हे ऋण होय, आणि ते कोणाला कळू नये म्हणून केलेली लपवाछपवी हे त्या ऋणावरील व्याज होय.

लपवणे हेच व्याज, हा या पाठाचा गाभा आहे. कर्ज होणे हा दुःखाचा भाग आहे, पण ते लपवल्याने दुःख वाढते. कौन्सिल टॅक्सच्या बाबतीत तर हे अक्षरशः खरे आहे, हे पुढे दिसेल.

कर्ज घेणे हा मुळात अपराध नव्हे. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२० मध्ये अपुरे राहिलेले शिक्षण पूर्ण करण्यासाठी पुन्हा लंडनला आले, ते सिडनहॅम कॉलेजातील नोकरीतून साठवलेले पैसे, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेली उसनवारी यांच्या बळावर. येथे ते अत्यंत काटकसरीने राहिले. कर्जाला हेतू होता आणि खर्चाला हिशेब होता. आपण आदर्श घ्यायचा तो या हिशेबाचा.

२. कौन्सिल टॅक्स म्हणजे काय?

नागपूर, औरंगाबाद वा मुंबईहून आलेला माणूस कौन्सिल टॅक्सला 'घरपट्टी' समजतो आणि घरपट्टी घरमालक भरतो म्हणून निश्चिंत राहतो. येथेच पहिली चूक होते. कौन्सिल टॅक्स हा सर्वसाधारणपणे घरात राहणाऱ्याने भरायचा कर आहे, मग तो भाडेकरू का असेना. पतिपत्नी एकत्र राहत असतील तर दोघेही संपूर्ण रकमेला जबाबदार असतात. मात्र घराच्या खोल्या मालकाने वेगवेगळ्या भाडेकरूंना स्वतंत्रपणे दिल्या असतील, तर कर सामान्यतः मालकाकडे जातो. म्हणून भाडेकरार वाचणे अगत्याचे आहे.

हा कर पोल टॅक्सच्या जागी १ एप्रिल १९९३ पासून लागू झाला. इंग्लंडमधील घरे १ एप्रिल १९९१ च्या किमतीनुसार 'ए' ते 'एच' अशा आठ बँडमध्ये विभागली आहेत. 'ए' बँडच्या घराला 'डी' बँडच्या दोनतृतीयांश कर पडतो, तर 'एच' बँडच्या घराला 'डी'च्या दुप्पट. बिल एप्रिलपूर्वी येते आणि एप्रिल ते जानेवारी असे दहा हप्ते ठरवण्याची पद्धत रूढ आहे. आपण मागणी केल्यास बारा हप्ते मिळतात. वर्षाला १,८०० पौंड कर असेल तर दहा हप्त्यांत महिना १८० पौंड पडतात, बारा हप्त्यांत १५०. महिन्याला तीस पौंडांचा हा फरक लहान संसारात मोठा असतो, आणि तो मिळवण्यासाठी एक पत्र वा एक फोन पुरेसा आहे.

३. आधी सवलत, मग भरणा

कित्येक कुटुंबे जेवढा कर देणे लागत नाहीत, तेवढा भरतात वा थकवतात. म्हणून प्रथम पुढील गोष्टी तपासाव्यात.

(अ) घरात एकच प्रौढ व्यक्ती राहत असेल तर २५ टक्के सवलत मिळते. १,८०० पौंडांच्या बिलावर ही रक्कम ४५० पौंड होते. मुलगा शिक्षणासाठी दुसरीकडे राहायला गेला, जोडीदाराचे निधन झाले वा विभक्त होणे घडले, तर कौन्सिलला ताबडतोब कळवावे. सवलतीचा हक्क आधीपासून असेल तर मागील काळासाठीही ती मागता येते.

(आ) घरातील सर्वजण पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर घराला पूर्ण माफी असते. पूर्णवेळ म्हणजे सामान्यतः किमान एक शैक्षणिक वर्षाचा अभ्यासक्रम, वर्षाला किमान २४ आठवडे आणि आठवड्याला किमान २१ तासांचा अभ्यास. ही माफी आपोआप मिळेल असे समजू नये. विद्यापीठाचे प्रमाणपत्र कौन्सिलकडे पोचले पाहिजे.

(इ) विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवावे की अभ्यासक्रम संपला की माफीही संपते. पदव्युत्तर प्रबंध सादर झाला, नोकरीचा शोध सुरू आहे, व्हिसा बदलायचा आहे, आणि त्याच काळात कराचे बिल सुरू झालेले असते. घरातील इतर सर्व विद्यार्थी असून एकटाच विद्यार्थी उरला नसेल, तर बिल त्या एकट्याच्या नावे २५ टक्के सवलतीसह येते.

(ई) अपंगत्वामुळे घरात विशेष सोय करावी लागली असेल, घरात गंभीर मानसिक दौर्बल्य असलेली व्यक्ती असेल वा कोणी पूर्णवेळ शुश्रूषा करीत असेल, तर वेगळ्या सवलती आहेत. परदेशी विद्यार्थ्याच्या पती वा पत्नीचीही काही अटींवर गणना होत नाही.

(उ) कमी उत्पन्न असणाऱ्यांसाठी प्रत्येक कौन्सिलची कौन्सिल टॅक्स रिडक्शन योजना असते. एप्रिल २०१३ पासून तिने जुन्या कौन्सिल टॅक्स बेनिफिटची जागा घेतली. नोकरीच्या वयातील लोकांसाठीचे नियम प्रत्येक कौन्सिल स्वतः ठरवते, म्हणून शेजारच्या गावातील नातेवाइकाला मिळाले तेवढेच आपल्याला मिळेल असे नाही. याशिवाय १९९२ च्या कायद्याच्या कलम १३ए खाली अडचणीतील कुटुंबाचा कर स्वेच्छाधिकाराने कमी करण्याची कौन्सिलला मुभा आहे. हा अर्ज फार थोडे लोक करतात.

येथे व्हिसाधारकांना एक सावधगिरीची सूचना. ज्यांच्या व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' ही अट आहे, त्यांच्यासाठी कौन्सिल टॅक्स रिडक्शन हा पब्लिक फंड मानला जातो. तो घेतल्यास व्हिसाच्या अटीचा भंग होऊ शकतो. परंतु एकट्या व्यक्तीची २५ टक्के सवलत आणि विद्यार्थ्यांची माफी हे पब्लिक फंड नव्हेत. ते निर्भयपणे मागावेत. शंका असल्यास अर्ज करण्यापूर्वी सल्लागाराला विचारावे.

४. थकबाकीची साखळी

आता इण सुत्तातील साखळी डोळ्यांसमोर ठेवून १९९२ च्या नियमांनी घालून दिलेला वसुलीचा क्रम पाहू.

एक हप्ता चुकला की स्मरणपत्र येते आणि भरण्यास सात दिवसांची मुदत मिळते. त्या मुदतीत भरले तर प्रकरण तेथेच मिटते. न भरल्यास हप्त्यांनी भरण्याचा हक्क जातो आणि वर्षाची उरलेली संपूर्ण रक्कम एकदम देय होते. वर्षात दोनदा स्मरणपत्र येऊन तिसऱ्यांदा हप्ता चुकला तरी हाच परिणाम होतो. त्यानंतर मॅजिस्ट्रेट कोर्टाचे समन्स येते. कोर्टाने लायबिलिटी ऑर्डर दिली की कोर्टाचा खर्च आपल्या बिलात चढतो. मग कौन्सिल पगारातून वा काही शासकीय भत्त्यांतून कपात करू शकते किंवा बेलीफ पाठवू शकते. बेलीफाला आता कायद्यात 'एन्फोर्समेंट एजंट' म्हणतात.

बेलीफाची फीदेखील कर्जदारावरच पडते. ६ एप्रिल २०१४ पासून लागू झालेल्या नियमांनी पहिल्या टप्प्याची, म्हणजे नुसत्या नोटिशीची, फी ७५ पौंड आणि प्रत्यक्ष दारी येण्याच्या टप्प्याची २३५ पौंड ठरवली. समजा थकबाकी ५४० पौंड आहे. या दराने ती दाराशी येईपर्यंत ८५० पौंड होते, आणि कोर्टाचा खर्च वेगळाच. हे वाढीव ३१० पौंड कशाचे? पाकीट न उघडल्याचे. लपवणे हेच व्याज, हे वचन येथे आकड्यांत दिसते.

दिलासा असा की साखळीची प्रत्येक कडी तोडता येते. मात्र जितकी आधीची कडी, तितकी ती तोडणे स्वस्त. स्मरणपत्र आल्याबरोबर कौन्सिलशी बोलल्यास नवा हप्ता ठरण्याची शक्यता सर्वांत अधिक. समन्स आल्यानंतरही बोलणी करता येतात. लायबिलिटी ऑर्डरनंतरही उत्पन्नखर्चाचा कागद दाखवून बेलीफाऐवजी हप्ता मागता येतो.

५. बेलीफ दारात आला तर

घाबरू नये आणि दार उघडू नये. कौन्सिल टॅक्सच्या वसुलीसाठी पहिल्या भेटीत बेलीफ दार फोडून वा आपल्याला ढकलून आत येऊ शकत नाही. त्याने आधी नोटीस देऊन किमान सात पूर्ण दिवस थांबले पाहिजे. सामान्यतः रात्री नऊ ते सकाळी सहा या वेळेत तो येऊ शकत नाही. घरात केवळ सोळा वर्षांखालील मुले असतील तर त्याने आत येता कामा नये. म्हणून मुलांना ही गोष्ट शिकवून ठेवावी. दाराच्या आडून वा पत्रपेटीतून बोलावे, ओळखपत्र मागावे आणि काही रक्कम भरली तर पावती घ्यावी.

अंगावरचे कपडे, अंथरूण-पांघरूण, शेगडी, फ्रीज, कपडे धुण्याचे यंत्र अशा संसाराच्या मूलभूत वस्तूंची जप्ती होत नाही. दारासमोर उभी केलेली मोटार मात्र जप्त होऊ शकते. एकदा त्याला आत घेऊन वस्तूंच्या यादीवर सही केली आणि ठरलेला हप्ता चुकवला, तर पुढच्या भेटीत त्याचे अधिकार वाढतात. सही करण्याआधी सल्ला घ्यावा. आजारपण, गरोदरपण, वार्धक्य वा मानसिक त्रास असल्यास तसे लेखी कळवावे, कारण अशा व्यक्तींशी अधिक काळजीने वागणे त्यांना बंधनकारक आहे.

६. हिशेबाचा कागद

व्यग्घपज्ज सुत्तात गृहस्थाच्या ऐहिक कल्याणासाठी चार गोष्टी सांगितल्या आहेत: उद्योगशीलता, मिळवलेल्याचे रक्षण, सन्मित्रांची संगत आणि समजीविता. समजीविता म्हणजे तराजू धरणाऱ्याप्रमाणे आय आणि व्यय ओळखून जगणे. आता तराजू हातात घेऊ.

प्रथम देण्यांचे दोन भाग करावेत. ज्या देण्यांमुळे घर, वीज-गॅस, वस्तू वा स्वातंत्र्य धोक्यात येते ती अग्रक्रमाची देणी: घरभाडे वा गृहकर्ज, कौन्सिल टॅक्स, वीज-गॅस, कोर्टाचा दंड, मुलांच्या पोटगीची रक्कम. क्रेडिट कार्ड, ओव्हरड्राफ्ट, दुकानाचे खाते, मित्रांची उसनवारी ही दुय्यम देणी. प्रत्यक्षात कार्डवाले सर्वांत जास्त फोन करतात, म्हणून माणूस त्यांना आधी देतो आणि कौन्सिल शांत असते म्हणून तिला मागे ठेवतो. हा क्रम उलटा आहे. मोठ्याने ओरडणाऱ्याला आधी देऊ नये. न दिल्यास ज्याचा परिणाम सर्वांत कठोर, त्याला आधी द्यावे.

उदाहरणादाखल पतिपत्नी व एक मूल असे एक कल्पित कुटुंब घेऊ. हाती येणारे मासिक उत्पन्न २,०५० पौंड. खर्च असा: भाडे १,०५०, चालू वर्षाचा कौन्सिल टॅक्स १५०, वीज-गॅस-पाणी २१०, किराणा ३६०, प्रवास १२०, फोन ४०, शाळा व कपडे ३०. एकूण १,९६० पौंड. शिल्लक ९० पौंड. कौन्सिल टॅक्सची मागील थकबाकी ५४० पौंड असून तिच्यासाठी महिना ४५ ठेवले तर ती बारा महिन्यांत फिटते. उरलेले ४५ पौंड दुय्यम देणेकऱ्यांत कर्जाच्या प्रमाणात वाटावेत. एका कार्डाचे २,४००, दुसऱ्याचे १,२०० आणि दुकानाचे ४०० असे एकूण ४,००० पौंड देणे असेल, तर वाटा अनुक्रमे २७ पौंड, साडेतेरा पौंड आणि साडेचार पौंड. प्रत्येकाला हाच कागद पाठवावा आणि व्याज थांबवण्याची विनंती करावी. चालू वर्षाचा कर आणि मागील थकबाकी ही दोन वेगळी खाती आहेत, हे भरताना स्पष्ट सांगावे. नाहीतर जुने फेडताना नवे थकते.

या कागदावर भिशीचा हप्ता आणि गावाकडे जाणारी रक्कमही लिहावी. भिशी आधी उचलली असेल तर तीही देणेच होय. आईच्या औषधाचे पैसे बंद करा असे कोणी म्हणणार नाही, परंतु भावाच्या लग्नासाठी कार्डावर पैसे काढून पाठवणे आणि येथे बेलीफाला ३१० पौंड देणे, यात कोणाचे हित साधते? गावच्या माणसांनाही आपली खरी स्थिती सांगितली पाहिजे. विलायतेत राहणारा माणूस श्रीमंतच असतो, हा समज आपणच जपला आहे.

७. मोठ्या कर्जावरील उपाय

९० पौंडही उरत नसतील, तर कायद्याने दिलेल्या सोयींचा विचार करावा. ४ मे २०२१ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये 'ब्रीदिंग स्पेस' योजना आहे. कर्ज-सल्लागारामार्फत अर्ज मंजूर झाला की साठ दिवस बहुतेक कर्जांवरील व्याज, दंड आणि वसुली थांबते. चालू घरभाडे आणि चालू बिले मात्र भरावी लागतात. हा श्वास घेण्याचा अवधी आहे, कर्जमाफी नव्हे.

कमी उत्पन्न आणि जवळजवळ काहीच मालमत्ता नसणाऱ्यांसाठी 'डेट रिलीफ ऑर्डर' आहे. ६ एप्रिल २०२४ पासून तिची ९० पौंडांची फी रद्द झाली आणि २८ जून २०२४ पासून कर्जाची मर्यादा ५०,००० पौंड झाली. साधारण बारा महिन्यांनी त्यातील कर्जे माफ होतात, आणि कौन्सिल टॅक्सची थकबाकीही त्यात धरता येते. याचा पतनोंदीवर परिणाम होतो, म्हणून निर्णय सल्ल्यानेच घ्यावा.

सिटिझन्स ॲडव्हाइस, नॅशनल डेटलाइन आणि स्टेपचेंज या संस्था विनामूल्य सल्ला देतात. इंग्रजी अडत असेल तर दुभाष्याची मागणी करावी. सल्ल्यासाठी आधी फी मागणाऱ्यापासून दूर राहावे. परवान्याशिवाय व्याजाने पैसे देऊन पासपोर्ट वा बँक कार्ड गहाण ठेवणारा 'आपला माणूस' हा खाजगी सावकारच होय. या देशात विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे, कर्ज घेणाऱ्याने गुन्हा केलेला नसतो.

८. संघटनेचे कर्तव्य

सन्मित्राची संगत ही चारांपैकी एक गोष्ट आहे, हे विसरून चालणार नाही. थकबाकी असलेला उपासक कार्यक्रमाला येणे बंद करतो, कारण वर्गणी मागितली जाईल आणि कोणी विचारील अशी त्याला भीती वाटते. ज्या वेळी त्याला समाजाची सर्वाधिक गरज असते, त्याच वेळी तो समाजापासून तुटतो. म्हणून आपल्या संघटनांनी तीन गोष्टी कराव्यात. वर्गणीची यादी जाहीर वाचू नये. इंग्रजी पत्र वाचून मराठीत समजावणारे दोन विश्वासू सभासद, शक्यतो एक भगिनी आणि एक बंधू, नेमावेत, आणि ऐकलेले गुप्त राखण्याची त्यांच्यावर जबाबदारी असावी. दरवर्षी मार्च महिन्यात, नवे बिल येते तेव्हा, एक रविवार सवलतींचे अर्ज भरण्यासाठी राखून ठेवावा.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी उत्पन्नाचे चार भाग करून त्यांतील एक आपत्तीसाठी राखण्यास सांगितले आहे. आज आपल्यातील पुष्कळांना चौथा भाग राखणे शक्य नाही. महिना पाच पौंड शक्य असतील तर पाच राखावेत. मोठेपणा रकमेत नसून शिस्तीत आहे. आज घरी गेल्यावर कपाटावर न उघडलेले पाकीट असेल तर ते उघडावे आणि घरातल्यांसमोर वाचावे. ऋणमुक्तीच्या सुखाकडे जाणारे पहिले पाऊल तेच होय.

स्वाध्याय

१. इण सुत्तातील साखळीच्या कड्या आणि कौन्सिल टॅक्स वसुलीच्या पायऱ्या समोरासमोर लिहा.
२. आपल्या घराला कोणती सवलत लागू होते? तिच्यासाठी कोणता पुरावा लागेल?
३. आपल्या घरचा उत्पन्नखर्चाचा कागद तयार करा. देण्यांचे अग्रक्रमाची आणि दुय्यम असे दोन भाग करा.
४. हाती ६० पौंड उरतात आणि कौन्सिल टॅक्सची थकबाकी ३६० पौंड आहे. ती बारा महिन्यांत फेडल्यास दुय्यम देण्यांसाठी महिना किती उरतील?
५. आपल्या शाखेत कर्जाविषयी बोलण्यास संकोच का वाटतो? तो दूर करण्यासाठी काय करता येईल, यावर चर्चा करा.